अंगकोर (कंबोडिया): आईबाबा आणि १० वर्षांच्या मुलाबरोबर ५ रात्री, प्लॅन बघून सांगाल का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. यंदा दिवाळीच्या सुट्टीत सिएम रीपला (अंगकोरच्या देवळांजवळचं गाव) जायचं पक्कं केलंय, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईहून निघायचं आणि ५ रात्री तिथेच राहायचं. आम्ही पाच जण, मी, नवरा, मुलगा (१० पूर्ण) आणि माझे आईबाबा. बाबा ७१ चे आहेत, रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात. आईचं मात्र गुडघ्याचं दुखणं आहे, सपाटीवर तासभर आरामात चालते पण पायऱ्या उतरायच्या म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो.

बाबा आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवत होते. त्यांच्या वर्गात अंगकोर वाटचा एक जुना फोटो होता, कुठल्यातरी मासिकातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मी पण त्याच शाळेत होते त्यामुळे तो फोटो मला पाठ आहे. त्यांनी आमच्याकडे कधी म्हणजे कधीच काही मागितलं नाही. या वर्षी गणपतीत सगळे जमलो होतो तेव्हा पहिल्यांदा म्हणाले की पाय चालतायत तोवर ते देऊळ एकदा बघायचंय. म्हणून हा प्लॅन मला नीट करायचाय, उरकायचा नाहीये.

एका ट्रॅव्हलवाल्यांनी दिलेला प्लॅन असा: पहिल्या दिवशी पहाटे ४.३० ला निघून अंगकोर वाटचा सूर्योदय, मग अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम, संध्याकाळी टेकडीवरून सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी बान्तेय स्रेई आणि आणखी पाच देवळं. दोन दिवसांत नऊ देवळं!! मग एक दिवस तळं आणि एक दिवस शॉपिंग. मला बघूनच दमायला झालं.

तर विचारायचंय असं की पास कुठला घ्यावा, आईला काय काय झेपेल, सूर्योदय खरंच बघण्यासारखा असतो का, आणि आईबाबा शुद्ध शाकाहारी आहेत (अंडंही नाही) तर जेवणाचं काय. ज्यांनी घरच्या मोठ्यांना घेऊन केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

---

जास्वंदी

पाऊलवाट, मी सासूसासऱ्यांना घेऊन जाऊन आलेय, दोघंही सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे अगदी तुमच्याच जागी बसून लिहितेय.

पहिलं म्हणजे तो नऊ देवळांचा प्लॅन फाडून टाका. आम्ही पहिल्या दिवशी असंच केलं आणि दुपारी दोन वाजता सासूबाई ता प्रोमच्या बाहेर एका दगडावर बसल्या त्या उठेचनात, चेहरा लालबुंद, हात गार. तिथे नोव्हेंबरात पारा ३०-३१ च्याच आसपास असतो, पण पाऊस नुकताच संपलेला, हवेत दमटपणा, आणि दगड तापलेला. आपल्याकडच्या ऑक्टोबर हीटसारखं समजा. नारळपाणी, इलेक्ट्रॉल, ओला टॉवेल सगळं केल्यावर तासाभराने बऱ्या झाल्या. त्यानंतर आम्ही रोज सकाळी ७ ते ११ फिरायचो, मग हॉटेलवर येऊन जेवण, झोप, पोराटोरांना स्विमिंग पूल, आणि परत ३.३० ला बाहेर. यात दिवसाला दोन, फार तर तीन देवळं होतात आणि ती पुरतात.

पास: एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तुम्ही तीन दिवसांचा घ्या. ते तीन दिवस लागोपाठ लागत नाहीत, १० दिवसांत कुठलेही तीन चालतात, म्हणजे मध्ये एक दिवस आईंना पूर्ण आराम देता येईल. १२ वर्षांखाली फुकट, फक्त मुलाचा पासपोर्ट जवळ ठेवा, दारावर वय विचारतात. पास ऑनलाइनही मिळतो, किंवा काउंटरवर प्रत्येकाचा फोटो काढून देतात. आणि एक फायद्याची गोष्ट, संध्याकाळी ५ नंतर उद्याचा पास घेतलात तर त्याच संध्याकाळी आत सोडतात आणि तो दिवस मोजला जात नाही. काउंटर ५.३० ला बंद होतं म्हणून वेळ सांभाळा.

आता अंगकोर वाट. आईंसाठी मुख्य गोष्ट अशी की तिथली सगळ्यात मोठी दौलत, म्हणजे भिंतीवरची ती लांबच लांब शिल्पं, खालच्याच ओवरीत आहेत. थोड्या पायऱ्या चढल्या की पुढे सपाट, डोक्यावर छप्पर, सावली. सगळ्यात वरचा मजला, त्याला बाकान म्हणतात, तिथला जिना उभा आहे, तिथे आईंनी जाऊ नये आणि मुलालाही १२ च्या आत असल्यामुळे सोडणार नाहीत, हे त्याला इथूनच सांगून न्या नाहीतर तिथे रडारड होते. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, नुसती ओढणी घेतलेली चालत नाही. आणि महत्त्वाचं, बौद्ध सणाच्या दिवशी बाकान बंद असतं, म्हणजे महिन्यातून चारदा, पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्या. कालनिर्णय उघडून बघा. तुम्ही तृतीयेला निघताय म्हणजे शुद्ध अष्टमी अगदी शेवटच्या दिवशी येईल, तेव्हा अंगकोर वाट त्याच्या आधी ठेवा.

कसं फिरायचं तेही सांगते. पश्चिमेच्या मोठ्या दारातून आत गेलात की लगेच पुढे पळू नका, दाराच्या उजव्या अंगाला आठ हातांचा उंच विष्णू आहे, भगव्या वस्त्रातला, लोक अजून उदबत्ती लावतात त्याला. माझ्या सासूबाईंनी तिथे बराच वेळ हात जोडले. मग मुख्य देवळाच्या ओवरीत शिरून उजवीकडे वळा, पहिलीच भिंत कुरुक्षेत्राची. कौरव एका बाजूने, पांडव दुसऱ्या बाजूने, मधे घनघोर, आणि वर शरपंजरी भीष्म. मग कोपऱ्यावरून वळलं की सूर्यवर्मन राजाची मिरवणूक, पुढे यम आणि चित्रगुप्त, खाली नरकाच्या शिक्षा (मुलगा इथून हलणार नाही), आणि परत वळलं की पूर्वेच्या भिंतीवर समुद्रमंथन. तिथून पूर्वेच्याच दाराने बाहेर पडा, सावलीची मातीची वाट आहे, माणसं कमी, ड्रायव्हरला आधी सांगून तिकडेच उभं करा. म्हणजे तो लांबलचक दगडी रस्ता उन्हात परत तुडवावा लागत नाही. आईंचे गुडघे वाचवायचे असतील तर हे नक्की करा.

समुद्रमंथनासाठी अर्धा तास ठेवा. ४९ मीटर लांब आहे ते. डावीकडे ९२ असुर, उजवीकडे ८८ देव, आणि वासुकीला सगळे एकाच तालात ओढतायत, सगळ्यांचे गुडघे एकाच कोनात वाकलेले. असुरांचे डोळे गोल बटबटीत, देवांचे बदामी. मध्यभागी विष्णू, त्याच्या खाली कासव. खाली पाण्यात बघा, मंदाराच्या जवळ जवळ जाल तसे मासे आणि मगरी त्या घुसळणीत कापल्या जाऊन दोन तुकडे झालेल्या दाखवल्यात. हे कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही, आम्हाला पण गाइडने बोट ठेवून नाही, लांबून टॉर्चने दाखवलं.

---

चिरेबंदी

जास्वंदीताईंनी छान लिहिलंय, अपसव्य फिरायचं सांगितलं ते अगदी बरोबर. ती शिल्पं लावलीच आहेत उलट्या क्रमाने, प्रदक्षिणेच्या विरुद्ध. आपल्याकडे अपसव्य कधी करतात ते बाबांना वेगळं सांगायला नको. देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे आणि शिल्पांचा क्रम असा आहे, म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की सूर्यवर्मन दुसरा याने विष्णूचं देऊळ बांधताना ते स्वतःच्या मरणानंतरचं स्थान म्हणूनही योजलं असावं. बाराव्या शतकाचा पहिला भाग. यावर वाद आहेत, बाबांना आवडतील असे वाद आहेत.

मी रत्नागिरीचा, घरचा चिऱ्याच्या खाणीचा धंदा, त्यामुळे मी तिथे देवापेक्षा दगडच जास्त बघितला असेल. बाबांना एक गोष्ट मुद्दाम दाखवा. वरून दिसतो तो वालुकाश्म, नक्षीचा दगड, पण जिथे तो निघालाय तिथे आत बघा, जांभा आहे! आपला जांभा, तोच तांबडा, तीच भोकं भोकं. चौथरे, भिंतींचा गाभा, खंदकाचे काठ, सगळं जांभ्याचं. ओला असतो तेव्हा कापायला मऊ आणि वारा लागला की घट्ट, हे आमच्याकडचा कुठलाही गडी सांगेल, आणि ९०० वर्षांपूर्वी त्या लोकांनी हेच ओळखून वापरलंय. मी ता प्रोमच्या तटाला हात लावला तेव्हा अंगावर काटा आला, आमच्या अंगणातल्या गडग्याला हात लावल्यासारखं वाटलं.

आणि ती दगडातली गोल गोल भोकं, प्रत्येक पर्यटक विचारतो की गोळ्यांची आहेत का. काही ठिकाणी लढाईच्या खुणा आहेत, पण ओळीने नीट पाडलेली भोकं उचलण्यासाठीची, त्यात खुंट्या मारून दोर लावायचे. वालुकाश्म कुलेन डोंगराच्या पायथ्याच्या खाणींतून यायचा. जोडताना चुना नाही, दगडावर दगड घासून बसवलेला, मधे पातं जाणार नाही. कमान मात्र खरी कमान नाही, दोन्ही बाजूंनी दगड थोडा थोडा पुढे सरकवत वर मिळवलेला, म्हणूनच ओवऱ्या सगळ्या अरुंद आणि म्हणूनच झाडाची मुळं शिरल्यावर धडाधड कोसळल्या.

आता माझा मुद्दा, आणि यावर मी अडून राहीन: पहिल्या दिवशी अंगकोर वाट करू नका. आधी रोलुओस करा. गावाच्या पूर्वेला १३ किमी, तीन देवळं, गर्दी जवळपास नाही, जमीन सपाट. प्रेअ को ८७९ चं, विटांचे सहा प्रासाद आणि समोर नंदी बसलेले, को म्हणजे गोच, आपला गो. बाकोंग ८८१ चं, पायऱ्यापायऱ्यांचा पहिला मोठा दगडी मेरू, आई खालून बघतील, मुलगा वर पळेल. लोलेई ८९३ चं, त्याच्या दारांच्या चौकटीवर शिलालेख आहे, इतकं सुबक कोरलेलं अक्षर की छापल्यासारखं वाटतं. लिपी दक्षिणेतल्या पल्लव लिपीच्या वंशातली. बाबांना तिथे खुर्ची टाकून बसू द्या. लोलेई आता भाताच्या शेतांमधे आहे पण बांधलं तेव्हा तलावातल्या बेटावर होतं. या तिघांनंतर तुम्ही अंगकोर वाटसमोर उभे राहिलात की कळतं अडीचशे वर्षांत ही माणसं कुठून कुठे गेली. थेट अंगकोर वाट बघितलं तर ते आभाळातून पडल्यासारखं वाटतं, आणि त्यानंतर रोलुओसला नेलं तर पोरं म्हणतात हे काय छोटंसं.

तिथल्या पाण्यावर पण लिहायचंय पण आत्ता लाइट जाते-येतेय, नंतर लिहितो.

---

मेतकूट

जेवणाचं मी सांगते, आम्ही जैन आहोत आणि आठ दिवस राहिलो, उपाशी कोणी आलं नाही.

भात सगळीकडे, उत्तम, मऊ आणि गरम. अडचण मांसाची नसते, ती डोळ्यांना दिसते, अडचण फिश सॉसची आणि प्राहोकची. प्राहोक म्हणजे मासे आंबवून केलेला लगदा, तो त्यांच्या बऱ्याच पदार्थांत चवीला असतोच, आणि त्यांच्या मते तो घातला म्हणून पदार्थ मांसाहारी होत नाही. म्हणून नुसतं व्हेजिटेरियन म्हणून उपयोग नाही. मी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीकडून ख्मेरमधे (तिथली भाषा) एका कागदावर लिहून घेतलं, मांस नको, मासे नको, अंडं नको, फिश सॉस नको, प्राहोक नको, आणि त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर टाकला. तो कागद दाखवला की स्वयंपाकघरातून बाई स्वतः बाहेर येऊन विचारून जायच्या, फार प्रेमळ लोक. नाळीची भाजी लसणावर परतून (आम्ही लसूण नको सांगायचो), तोफू, भाज्या घातलेला अमोक, हा नारळाच्या दुधातला केळीच्या पानात वाफवलेला प्रकार, तुमच्या आईंना नक्की आवडेल. शिवाय गावात भारतीय हॉटेलं आहेत, रात्री वरणभात-पोळीची आठवण आली की तिकडे जायचं. बरोबर मेतकूट, लोणचं, चटणी, थोडा दिवाळीचा फराळ, बस्स. चकल्या तिकडच्या दमट हवेत सादळतात म्हणून डबा घट्ट झाकणाचा घ्या.

एक मात्र चुकवू नका. बान्तेय स्रेईच्या वाटेवर प्रेअ दाक नावाचं गाव लागतं, तिथे रस्त्याकडेला चुली मांडून मोठ्या कढयांत ताडाचा रस आटवत असतात. मी पालघरची, ताडगोळे खाऊन वाढलेली, गाडीतून तो वास आला आणि मी ड्रायव्हरला थांब म्हटलं. तेच झाड, आपलाच ताड, त्यांच्याकडे ते राष्ट्रीय झाड आहे. बाई लाकडी उलथन्याने कढई घोटत होती, रस फेसाळून मधाच्या रंगाचा झाला, मग तो ताडाच्याच पानाच्या वाटोळ्या कड्यांमधे ओतून गुळाच्या वड्या पाडल्या. एक वडी गरम गरम हातावर ठेवली तिने, जिभेवर विरघळली, आणि शेवटी थोडी धुराची चव. माझी आजी असाच गूळ करायची. आम्ही दोन किलो घेऊन आलो.

---

पाऊलवाट

अरे काय सुंदर लिहिताय सगळे, मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. जांभ्याचं ऐकून ते उठून बसले आणि आईला ताडगुळाचं फार पटलंय. अपसव्यचं त्यांना माहीत होतं!

आता थोडे प्रश्न उरलेत. सूर्योदय ठेवू का काढू, ते कोणी बोललंच नाही. बान्तेय स्रेई लांब आहे म्हणतात, आईला घेऊन जाण्यासारखं आहे का. आणि सीमेवर थायलंडबरोबर काय चाललंय, आई बातम्या बघून घाबरलीय.

---

घाटवाट

सूर्योदयावर माझं मत स्पष्ट आहे, ठेवा, पण सगळ्यांसाठी नाही. तुम्ही आणि बाबा दोघंच जा. ५ ला दार उघडतं. लोक आत जाऊन डाव्या हाताच्या तळ्यापाशी खांद्याला खांदा लावून उभे राहतात, तो फोटो सगळ्यांनी काढलाय, तिथे बाबांना नेऊ नका. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना जुन्या ग्रंथालयाच्या दगडी इमारती आहेत, तिथे जोत्यावर बसा, काळोखात बेडूक आणि रातकिडे एवढाच आवाज, आणि मग हळूहळू पाच शिखरं उमटतात. देऊळ पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य मागून येतो, त्यामुळे नक्षी दिसत नाही, नुसता आकार दिसतो, तोच तुमच्या बाबांच्या फोटोतला आकार. ४० वर्षं भिंतीवर बघितलेली गोष्ट समोर उगवताना बघणं यासाठी एक दिवस पहाटे उठायला काय हरकत आहे.

सूर्यास्ताची ती टेकडी मात्र काढून टाका, वर एका वेळी ३०० माणसंच सोडतात, तास-दीड तास रांगेत उभं राहायचं आणि वर गेलं की डोकी दिसतात. त्यापेक्षा स्राह स्रांग तलावाच्या काठी संध्याकाळी बसा.

सीमेचं: २०२५ च्या जुलैमधे लढाई झाली, वर्षाखेरीला परत पेटलं, ते मुख्यतः थायलंडला लागून असलेल्या पट्ट्यात. तुम्ही बँकॉकहून बसने जमिनीवरून जायचा विचार चुकूनही करू नका, विमानानेच जा, आणि प्रेअ विहेअर हे सीमेवरचं देऊळ या खेपेला यादीत नको. निघायच्या आधी आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना बघा, ती बघितल्याशिवाय तिकिटं काढू नका, परतावा मिळेल अशीच काढा. आईंना घेऊन जाताय म्हणून ठासून सांगतोय.

विमान मुंबईहून कुठेतरी बदलावंच लागेल, सिंगापूर, क्वालालंपूर, व्हिएतनाम, बँकॉक, यातलं ज्याचं थांबणं कमी ते घ्या. नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ पासून चालू आहे, तो गावापासून चांगला तासाभराच्या अंतरावर आहे, जुन्या ब्लॉगवर दहा मिनिटं लिहिलेलं असतं ते विसरा. हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा. व्हिसा ऑनलाइन सरकारी साइटवरून काढा, नावात साम्य असलेल्या दुसऱ्या साइट्स जास्त पैसे घेतात. शिवाय अरायव्हलचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो फुकट आहे.

पैसे म्हणजे डॉलर चालतात, सुट्टे परत येतात ते रिएलमधे, साधारण ४००० ला एक डॉलर. नोटा कोऱ्या न्या. कोपरा फाटलेली, शाईचा डाग असलेली नोट कोणी घेत नाही, माझी २० ची नोट पाच दिवस खिशात फिरून परत डोंबिवलीला आली.

---

जास्वंदी

घाटवाट, पटलं. दोघांनीच जायची कल्पना मला तेव्हा सुचली असती तर.

बान्तेय स्रेई नक्की न्या, आईंना तर नक्कीच. देऊळ लहान, सपाट, चढणं जवळपास नाहीच. गावापासून पाऊण-एक तास लागतो पण रस्ता चांगला, एसी व्हॅन करा. तुम्ही पाच आहात, टुकटुक दोन कराव्या लागतील आणि एवढ्या लांब धुळीत आईंची पाठ दुखेल. जवळच्या देवळांना मात्र टुकटुकच घ्या, झाडांच्या सावलीतून वारा खात जायला त्यासारखं काही नाही.

९६७ सालचं देऊळ ते, राजाने नाही, राजदरबारातल्या यज्ञवराह नावाच्या ब्राह्मणाने बांधलं, शिवाचं. गुलाबी दगड, आणि कोरीव काम असं की लाकूड वाटावं. तिथे एका गणेशपट्टीच्या वरच्या त्रिकोणात, म्हणजे दक्षिणेकडच्या ग्रंथालयावर, रावण कैलास हलवतोय. वेरूळचं कैलास लेणं बघितलेल्या माणसाला लगेच ओळख पटते. पण गंमत बघा, वेरूळला सगळी ताकद रावणाच्या पाठीत आणि त्या हातांत आहे, इथे कैलास म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर आणि प्रत्येक पायरीवर घाबरलेली माणसं, ऋषी एकमेकांना धरतायत, खाली हत्ती सिंह पळतायत, वर पार्वती शंकराला बिलगलीय. दोन्हीकडे गोष्ट एकच आणि कारागिराचं मन कुठे गेलं ते वेगळं. त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला मदनदहन आहे. मधल्या गाभाऱ्यांना दोरी लावलेली असते, जवळ जाता येत नाही, म्हणून दुर्बीण न्या. आमच्याकडे नव्हती, मोबाइलवर झूम करून करून डोळे दुखले. देऊळ पूर्वाभिमुख आहे, सकाळी ८ च्या आत पोचलात तर तो दगड आतून पेटल्यासारखा दिसतो.

ता प्रोमला लाकडी पायवाटा केल्यात, ड्रायव्हरला एका दाराने सोडून दुसऱ्या दाराने घ्यायला सांगा. तिथलं काम आपल्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, मुलाला पाटी दाखवा. त्याआधी १९८६ ते १९९३ आपली माणसं अंगकोर वाटवर काम करत होती, तेव्हा तिथे यादवी चालू होती, फार कमी देश तिथे जायला तयार होते. त्यांनी दगड धुतले त्या पद्धतीवर पुढे टीका झाली, तीही खरी, पण त्या काळात गेले होते हे मला मोठं वाटतं.

आणि एक विनंती. देवळांबाहेर लहान लहान पोरं पोस्टकार्ड, मॅग्नेट विकायला मागे येतात, गोड बोलतात, आपल्या मुलाच्या वयाची असतात, जीव तुटतो. त्यांच्याकडून घेऊ नका, कारण कमाई होत राहिली की शाळेत पाठवत नाहीत. मोठ्यांच्या दुकानातून भरभरून घ्या.

---

चिरेबंदी

लाइट आली. पाण्याचं लिहितो, थोडक्यात लिहायचा प्रयत्न करतो.

देवळं बघताना मधेमधे जी तळी लागतात ती सजावट नाही. पश्चिमेचा बाराय हा मोठा तलाव म्हणजे ८ किमी लांब, २ किमी रुंद, आणि तो खणलेला नाही, चारी बाजूंनी बांध घालून सपाटीवर पाणी उभं केलंय. कुलेनच्या डोंगरावरून येणारं पाणी कालव्यांनी वळवून यात साठवायचं आणि भातशेती, वस्ती, खंदक सगळं त्यावर. अंगकोर वाटचा खंदक १९० मीटर रुंद आहे, तो भरलेला राहतो म्हणून खालची वाळू ओली राहते आणि पाया खचत नाही. म्हणजे देऊळ पाण्यावर टिकलंय. चौदाव्या-पंधराव्या शतकात आधी वर्षानुवर्षं अवर्षण आणि मधेच प्रचंड पूर, असं झालं आणि कालवे फुटले, गाळाने भरले. अयुथ्थयाच्या (आत्ताच्या थायलंडमधलं जुनं राज्य) स्वाऱ्या होत्याच. शहर ओस पडायला ही सगळी कारणं मिळून लागली. जंगलाखाली किती मोठं शहर होतं ते २०१२ मधे हेलिकॉप्टरमधून लेसरने मोजणी केली तेव्हा दिसलं, रस्ते, कालवे, घरांची जोती.

बाबांसाठी अजून एक. ता प्रोम राजा जयवर्मन सातव्याने ११८६ मधे आईच्या स्मरणार्थ बांधलं, आणि तिथल्या संस्कृत शिलालेखात हिशोब दिलाय, आत राहणारी माणसं १२,६४०, त्यात नर्तकी ६१५, आणि देवळाच्या सेवेतली सगळी मिळून माणसं ७९,३६५. राज्यभर १०२ आरोग्यशाळा होत्या हेही त्यातच. आणि आरोग्यशाळांच्या शिलालेखात म्हटलंय की प्रजेच्या शरीराचं दुखणं राजाच्या मनाला लागायचं, म्हणून ते जास्त दुखायचं. झाडाच्या मुळांचे फोटो काढणाऱ्या गर्दीत हे आठवा, त्या पडक्या ओवऱ्या भरलेल्या दिसायला लागतात. (आणि ते मोठं झाड, पांढरट बुंध्याचं, सह्याद्रीतही सापडतं.)

बायोनला आईंना वर नेऊ नका, खालच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं दाखवा. तिथे देव नाहीत, बाजार आहे. कोंबड्यांची झुंज, भात शिजवणारे, मासे विकणाऱ्या बायका, तराजू, बाळंत होणारी बाई. मासेवालीचा आविर्भाव बघून आमची आई म्हणाली ही तर मिरकरवाड्याची (आमच्या रत्नागिरीचं मासळी बंदर).

---

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रॅव्हलवाल्यांना नाही कळवलं, आता आम्हीच करतोय. बाबांनी वहीत तारखांऐवजी तिथी लिहून प्लॅन केलाय तो इथे देते, चूक वाटली तर सांगा.

तृतीयेला संध्याकाळी पोचणार, नुसतं जेवून झोपायचं. चतुर्थीला सकाळी रोलुओस, हळूहळू, लोलेईला बाबा म्हणतील तितका वेळ. दुपारी आराम. ५ वाजता काउंटरवर जाऊन... इथे अडलंय, रोलुओसला पासच लागतो ना? मग तो आधीच ऑनलाइन काढणार. पंचमीला मी आणि बाबा पहाटे सूर्योदय, नवरा आई आणि मुलाला घेऊन ७.३० ला येईल, मग सगळ्यांनी मिळून ओवरी, कुरुक्षेत्रापासून समुद्रमंथनापर्यंत, पूर्वेच्या दाराने बाहेर. बाबा एकटे बाकानवर जाणार, आई म्हणाली मी खाली बसते, तुम्ही निवांत जा. षष्ठीला काहीच नाही, पूल, बाजार, संग्रहालय जमलं तर. सप्तमीला सकाळी ८ ला बान्तेय स्रेई, येताना प्रेअ दाकला ताडगूळ, संध्याकाळी ता प्रोम. अष्टमीला परत.

बायोन राहतंय. ते कुठे बसवू?

---

जास्वंदी

हो, रोलुओसला पास लागतो, आधीच काढा. आणि बायोन पंचमीला दुपारी ४ ला बसवा, अंगकोर वाटपासून टुकटुकने दहाच मिनिटं. आई दमल्या असतील तर त्या हॉटेलवर थांबतील, पण मासेवाली त्यांनी बघावी असं मला वाटतं. बाहेरची भिंत तेवढी बघायला अर्धा तास पुरतो.

पंचमीला पहाटे निघताना बाबांना पातळ स्वेटर द्या, टुकटुकमधे वारा लागतो. आणि छोटी टॉर्च, त्या दगडी रस्त्यावर फरश्या खालीवर आहेत, अंधारात ठेच लागते.

---

पाऊलवाट

टॉर्च आत्ताच बॅगेत टाकली. बाबांनी तो पुठ्ठ्यावरचा फोटो माळ्यावरून काढायला लावलाय, पिवळा पडलाय आणि एक कोपरा वाळवीने खाल्लाय, तो बरोबर घेणार म्हणतायत.